पांढऱ्या पेशी घटल्या तरी रक्ताचा कर्करोग असू शकतो

यवतमाळ जिल्ह्यात ‘रक्त कमी आहे’ हे वाक्य इतक्या घरांत आणि इतक्या कारणांनी ऐकू येतं की त्यापुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या पट्ट्यात सिकलसेल आहे. पावसाळ्यात डेंग्यू येतो, जंगलालगतच्या गावांत मलेरिया येतो. क्षयरोग आहे, दारूने बिघडलेलं यकृत आहे, आणि धड खायला न मिळता राबणाऱ्या बायामाणसांच्या अंगात लोह कमी, हे तर सगळीकडेच. यातल्या कोणत्याही कारणाने हिमोग्लोबिन घसरतं आणि बऱ्याच कारणांनी प्लीहा, म्हणजे आपली पाणथरी, वाढते. म्हणून आठ-नऊ हिमोग्लोबिन आणि डाव्या बरगडीखाली हाताला लागणारा गोळा घेऊन आलेल्या पन्नाशीच्या माणसाला लोहाच्या गोळ्या, टॉनिक, फार तर रक्ताची एक बाटली देऊन घरी पाठवलं जातं.

बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण अशा माणसांपैकी अगदी थोड्यांच्या आजारामागे हेअरी सेल ल्युकेमिया हा सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग असतो. सगळ्या ल्युकेमियांमध्ये त्याचा वाटा जेमतेम २ टक्के. तालुक्याच्या ठिकाणी तीस वर्षं दवाखाना चालवलेल्या डॉक्टरांनीही याचा एकही रुग्ण पाहिलेला नसेल, तर त्यात नवल नाही. तरी त्यावर सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण ओळखला गेला तर उपचारांना इतका चांगला प्रतिसाद देणारे रक्ताचे कर्करोग फार थोडे आहेत. ओळखला गेला नाही तर माणूस बहुधा एखाद्या न्यूमोनियाने जातो आणि मूळ आजाराचं नाव घरच्यांना कधीच कळत नाही.

आजार काय करतो

रक्त तयार होतं ते हाडांच्या आतल्या मगजात. पांढऱ्या पेशींचा ‘बी लिम्फोसाइट’ नावाचा एक प्रकार आहे. त्यातल्या एका पेशीच्या जनुकात बिघाड होतो आणि तिच्या नकला वर्षानुवर्षं हळूहळू साठत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींच्या कडेला बारीक तंतू दिसतात, त्यावरून ‘हेअरी’ हे नाव पडलं. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात डॉ. बर्था बोरोंकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वेगळा आजार असल्याचं नीट नोंदवलं. बिघाड नेमका कुठला हे कळायला २०११ साल उजाडलं. इटलीतल्या पेरुजिया इथे एन्रिको तियाच्ची आणि ब्रुनांजेलो फालिनी यांच्या गटाने तपासलेल्या सर्व ४८ रुग्णांमध्ये बीआरएएफ या जनुकातला एकच बदल सापडला. हा बदल जन्मतः आलेला नसतो. म्हणून आजार मुलाबाळांकडे जाईल ही भीती बाळगण्याचं कारण नाही, आणि एका ताटात जेवल्याने तो लागतही नाही.

या पेशी मगजात जागा अडवतात, तिथे तंतूंचं दाट जाळं विणतात आणि निरोगी रक्त तयार होऊ देत नाहीत. त्या प्लीहेतही साठतात. फुगलेली प्लीहा रक्तातल्या चांगल्या पेशी अडकवून ठेवते. परिणामी तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही घसरतात. आपल्याकडे पक्की समजूत आहे की रक्ताचा कर्करोग म्हटला की पांढऱ्या पेशी लाखांवर जातात. त्यामुळे रिपोर्टवर पांढऱ्या पेशी दोन-अडीच हजार दिसल्या की ‘कॅन्सरबिन्सर काही नाही’ असा दिलासा दिला जातो. या आजारात मात्र बहुतेकांच्या पांढऱ्या पेशी कमीच असतात. हा लेख वाचून एवढी एक गोष्ट लक्षात राहिली, तरी लिहिल्याचं चीज झालं.

रुग्ण बहुधा पन्नाशीच्या आसपासचा असतो आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत हा आजार चौपट-पाचपट दिसतो. त्याची तक्रार साधीच असते. वखर धरवत नाही, दोन घास खाल्ले की पोट भरतं, डाव्या कुशीत जड वाटतं, सर्दी-खोकला बरा होऊन परत येतो, नकळत अंगावर निळे डाग उमटतात. गळ्यात, काखेत गाठी सहसा नसतात. काहींना तर काहीच त्रास नसतो. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्त तपासणीत हे उघडकीला येतं.

सीबीसीचा कागद कसा वाचायचा

सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, यवतमाळातच काय, तालुक्याच्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. आपण सगळे फक्त हिमोग्लोबिनचा आकडा बघतो आणि कागद घडी घालून ठेवतो. त्याच कागदावर आणखी दोन आकडे बघा. एकूण पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असाव्यात, प्लेटलेट दीड ते साडेचार लाख. नुसत्या लोहाच्या कमतरतेने हिमोग्लोबिन पडतं, पण हे तिन्ही आकडे एकत्र सहसा पडत नाहीत. तिन्ही कमी असतील तर लोहाच्या गोळीने भागणार नाही, तपास पुढे न्यावा लागेल. त्याच कागदावर ‘मोनोसाइट’ची ओळ असते. या आजारात तीही बहुधा अगदी शून्यालगत असते. ही खूण तज्ज्ञ आवर्जून पाहतात. मोजणी यंत्राने केली असेल तर मात्र केसाळ पेशी कधी कधी मोनोसाइट म्हणूनच मोजल्या जातात. म्हणून डॉक्टरांना विनंती करा, ‘पेरिफेरल स्मिअर पॅथॉलॉजिस्टनी स्वतः बघावा.’ काचपट्टीवरचा रक्ताचा हा पातळ थर माणसाच्या डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही, आणि त्याचा खर्चही फार नसतो.

डेंग्यूतही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात. पण ताप उतरल्यावर त्या आठ-पंधरा दिवसांत परत वर येतात. दिवाळीपूर्वी डेंग्यू झाला म्हणून सांगितलेल्या माणसाचे आकडे महिनाभरानेही वर आले नसतील, तर ‘अजून डेंग्यूचाच अशक्तपणा आहे’ हे मानू नका. सीबीसी पुन्हा करा. मलेरियाचंही असंच. उपचार पूर्ण झाल्यावर प्लीहा ओसरायला लागते. वाढतच राहिली तर कारण वेगळं आहे.

सिकलसेलबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण आपल्या भागात फसगत होण्याची शक्यता इथे सर्वांत मोठी आहे. ज्याच्या कार्डावर ‘एएस’ लिहिलेलं असतं तो वाहक असतो. वाहकाला रोजच्या जगण्यात सहसा त्रास नसतो आणि नुसत्या वाहकपणामुळे पन्नाशीत तिन्ही पेशी घसरत नाहीत. तरी घरचे आणि कधी कधी कर्मचारीही कार्ड बघून ‘याला सिकलसेल आहेच’ म्हणतात आणि तपास तिथेच संपतो. ‘एसएस’ असलेल्या रुग्णाचं हिमोग्लोबिन लहानपणापासून कमी असतं, दुखण्याचे झटके येत असतात. चाळीस-पन्नास वर्षं धडधाकट राहिलेल्या माणसाला अचानक हे सुरू झालं, तर कार्डाच्या पलीकडे बघायला हवं.

सोनोग्राफीत प्लीहा वाढलेली निघाली, तर पोट चोळून घेणं, तेल लावून दाबून घेणं ताबडतोब थांबवा. फुगलेली प्लीहा दाबाने किंवा माराने फाटू शकते आणि पोटात रक्तस्राव होतो. बैलाच्या धडकेपासून, दुचाकीच्या पडझडीपासूनही तिला जपायला हवं.

हाडाची तपासणी आणि तिची भीती

पुढची पायरी म्हणजे मगजाची, म्हणजे बोन मॅरोची तपासणी. गावाकडे ती ‘पाठीतून पाणी काढणं’ म्हणून ओळखली जाते आणि त्याने माणूस अधू होतो म्हणून घरचे नकार देतात. पाठीतून पाणी काढण्याची तपासणी वेगळी आहे. बोन मॅरोसाठी सुई कंबरेखाली, नितंबाच्या वरच्या बाजूला असलेल्या रुंद हाडात घालतात. मणक्याशी तिचा संबंध येत नाही. जागा बधिर करतात, आत ओढल्यासारखी कळ येते आणि काही वेळाने रुग्ण चालत बाहेर येतो. एक-दोन दिवस ती जागा दुखते, एवढंच.

या आजारात एक अडचण नेहमीची आहे. तंतूंच्या जाळ्यामुळे मगज सुईत ओढलाच जात नाही, सुई कोरडी निघते. याचा अर्थ तपासणी चुकली असा नाही, आणि रुग्णाला ‘काही सापडलं नाही’ म्हणून परत पाठवण्याचंही ते कारण नाही. कोरडी सुई ही स्वतःच एक खूण आहे. म्हणून आधीच विचारून घ्या, ‘नुसतं ओढून घेणार की हाडाचा बारीक तुकडाही घेणार?’ तुकडा, म्हणजे ट्रिफाइन बायोप्सी, घ्यायलाच हवी.

निदान पक्कं होतं फ्लो सायटोमेट्रीने. पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणा ही तपासणी ओळखते आणि ती साध्या रक्तावरही करता येते. सीडी११सी, सीडी२५, सीडी१०३ आणि सीडी१२३ या चार खुणा एकत्र सापडल्या की निदानाला बळकटी येते. सोबत बीआरएएफ व्ही६००ई हा जनुकीय बदल तपासतात. हा रिपोर्ट नीट जपा, पुढे आजार उलटला तर त्याचा उपयोग होणार आहे. याच आजाराचा ‘व्हेरिएंट’ म्हणून ओळखला जाणारा एक भाऊबंद आहे. त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, सीडी२५ आणि बीआरएएफचा बदल नसतो, आणि नेहमीचं औषध त्यावर एकट्याने फारसं चालत नाही. दोघांतला फरक उपचार सुरू होण्याआधीच कळायला हवा.

या तपासण्यांसाठी जिल्ह्याबाहेर जावं लागेल, असं गृहीत धरूनच निघा. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागात आधी दाखवणं सोयीचं. तिथून रीतसर चिठ्ठी मिळते आणि सोनोग्राफी व प्राथमिक रक्त तपासण्या जिल्ह्यातच उरकतात. पुढे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर वर्धा, तिथे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय. दीडशे किलोमीटरवर नागपूर, तिथे मेडिकल, एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करुग्णालय आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. उमरखेड, पुसदकडच्या लोकांना छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. मुंबईला टाटा मेमोरियलला जायचं तर धामणगाव किंवा वर्ध्याहून गाडी मिळते. निघण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचारा. रक्तविकारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात? फ्लो सायटोमेट्री तिथेच होते की नमुना बाहेर पाठवतात? या दोन प्रश्नांनी एखादी फुकट खेप वाचते. माझ्या मते निदानासाठी नागपूरपर्यंत जाणं सगळ्यांनी करावंच. मुंबईला जाण्याची गरज निदानात शंका असेल किंवा आजार उलटला असेल तेव्हा येते.

थांबायचं कधी, औषध कधी

निदान झालं की घरात एकच धावपळ सुरू होते. जमीन गहाण टाकायची का, इथपर्यंत बोलणं जातं. जरा थांबा. हा आजार महिन्या-वर्षांच्या चालीने चालतो. ज्यांना त्रास नाही आणि ज्यांचे आकडे बरे आहेत, अशांना डॉक्टर औषध न देता दर तीन महिन्यांनी तपासायला बोलावतात. दहातला एखादा रुग्ण सुरुवातीला असाच नुसता नजरेखाली ठेवला जातो. ‘कॅन्सर आहे आणि औषध देत नाहीत’ याचा राग येणं साहजिक आहे, पण या आजारात ती मान्य पद्धत आहे. औषध सुरू करण्याच्या रेषाही ठरलेल्या आहेत: हिमोग्लोबिन ११ च्या खाली, प्लेटलेट १ लाखाच्या खाली, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी १,००० च्या खाली, किंवा प्लीहेचा त्रास, किंवा वारंवार होणारा संसर्ग. यातलं एकही कारण असलं तर थांबणं चुकीचं ठरतं.

पहिल्या पसंतीचं औषध क्लॅड्रिबिन. एकच कोर्स असतो. रोज दोन तास शिरेतून याप्रमाणे पाच दिवस, किंवा सात दिवस सतत, किंवा कातडीखाली इंजेक्शन, अशा त्याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स क्लिनिकने याचे पहिले निष्कर्ष छापले. १२ पैकी ११ रुग्णांचा आजार एका कोर्समध्ये पूर्ण आटोक्यात आला होता. त्याआधी मुख्यतः प्लीहा काढून टाकणं आणि इंटरफेरॉनची इंजेक्शनं यांवर भर होता. आज क्लॅड्रिबिन घेतलेल्या बहुतेकांना अनेक वर्षं काहीही औषध लागत नाही आणि त्यांचं आयुर्मान इतरांच्या जवळपास जातं. हे औषध नाक्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणार नाही. दाखल होण्याच्या आठवडाभर आधी ते रुग्णालयाच्या औषधालयात आलं आहे ना, याची खात्री करून घ्या.

औषधाआधी अंगात दबलेला संसर्ग शोधावा लागतो. हिपॅटायटिस बी, एचआयव्ही आणि क्षयरोगाची तपासणी झाल्याशिवाय कोर्स सुरू करू नये. आपल्याकडे क्षयरोगाचा प्रश्न तर विशेष गंभीर आहे. खोकला, बारीक ताप, रात्रीचा घाम असेल तर तो लपवू नका. आधी संसर्गावर इलाज, मग क्लॅड्रिबिन. तेवढं थांबणं शक्य नसेल तर डॉक्टरांकडे दुसरे पर्याय असतात.

कोर्सनंतरचे सहा ते आठ आठवडे सगळ्यांत नाजूक. पांढऱ्या पेशी आणखी घसरतात आणि मग हळूहळू चढतात. या काळात ताप १००.४ च्या वर गेला तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचं. गावातल्या डॉक्टरांकडे सलाईन लावून घेण्यात गेलेली रात्र महाग पडू शकते. थर्मामीटर घरात हवा. हात लावून ताप ठरवायचा नाही. कोणत्या गाडीने जायचं, कुणाला उठवायचं, हे आधीच ठरलेलं असावं. १०८ ची रुग्णवाहिका आहे, पण पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या गावांनी तिच्यावर एकट्या विसंबू नये. न्यूमोनिया आणि नागीण टाळण्यासाठी काही महिने गोळ्या देतात. बरं वाटू लागलं म्हणून त्या मनाने बंद करू नका. या दोन महिन्यांत गोठ्याचं शेण काढणं, खताच्या ढिगात काम, धूळ उडवणारी मळणी आणि फवारणी पूर्ण बंद. आजार सावकाश असल्याने डॉक्टरांच्या संमतीने कोर्सची तारीख थोडी मागेपुढे घेता येते. कापसाची वेचणी आटोपल्यावर किंवा घरात दुसरा हात मदतीला असेल तेव्हा घेतली, तर विश्रांती खरोखर मिळते. ही गोष्ट डॉक्टर स्वतःहून विचारत नाहीत, आपण सांगायची.

क्लॅड्रिबिन घेतलेल्या माणसाला पुढे कधीही रक्त चढवावं लागलं, तर ते किरणोत्सर्ग दिलेलं, म्हणजे इरॅडिएटेड, असावं असं तज्ज्ञ सांगतात. ऑपरेशन, अपघात, काहीही असो. फाइलच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि घरच्या एकाला तोंडपाठ करायला सांगा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी केव्हा घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारा. शक्य असल्यास कोर्सच्या आधीच. जिवंत विषाणूंच्या लसी या रुग्णांना देत नाहीत.

फवारणीमुळे झालं का?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात विचारला जाणारच. २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन इथले वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दाखल झाले. ती तत्काळ विषबाधा होती. रक्ताचा कर्करोग ही वेगळी गोष्ट. पण संबंध अजिबात नाही, असंही म्हणता येत नाही. फ्रान्समधल्या अभ्यासांत शेतीतल्या कीटकनाशकांचा आणि हेअरी सेल ल्युकेमियाचा संबंध दिसला आहे. व्हिएतनाम युद्धात एजंट ऑरेंज या तणनाशकाच्या संपर्कात आलेल्या अमेरिकी माजी सैनिकांसाठी अमेरिकेच्या सरकारने २०१० मध्ये हा आजार भरपाईच्या यादीत घेतला. मात्र एका माणसाच्या बाबतीत ‘अमुक औषधामुळेच झालं’ असं कोणताही डॉक्टर सिद्ध करू शकत नाही. म्हणून ‘मीच मास्क बांधला नाही’ असा दोष रुग्णाने स्वतःला लावू नये. निदान झालेल्याने पंप पुन्हा पाठीवर घेऊ नये आणि घरातल्या बाकीच्यांनी हातमोजे, चष्मा, मास्क, पूर्ण बाह्या आणि वाऱ्याची दिशा याबाबत कुचराई करू नये, एवढं नक्की.

खर्चाचं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे. आयुष्मान भारतसोबत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. दाखल होण्याआधी त्याला गाठा आणि निदानाचा कागद दाखवून आपला उपचार कोणत्या पॅकेजखाली बसतो, औषध त्यात धरलेलं आहे का, हे विचारा. हेल्पलाइन १५५३८८. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करा. सगळ्यात जास्त दिवस तिथेच जातात. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत असू द्या. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीचा अर्जही करता येतो. एसटी आणि रेल्वे कर्करुग्णांना भाड्यात सवलत देतात, त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र पहिल्याच भेटीत मागून घ्या.

कोर्सनंतर चार ते सहा महिन्यांनी मगजाची तपासणी पुन्हा करतात. त्याआधी केली तर शिल्लक पेशी दिसून उगाच काळजी वाढते, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात. पुढे तीन ते सहा महिन्यांनी सीबीसी. ती दारव्हा, वणी, दिग्रस, कुठेही करून मोबाईलवर फोटो पाठवला तरी चालतं का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा, बऱ्याच खेपा वाचतील. सगळे सीबीसी एका वहीत तारखेनुसार उतरवा: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, प्लेटलेट. एखादा आकडा सर्दीतापात खाली-वर होतो. लागोपाठ दोन-तीन तपासण्यांत तो घसरत गेला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. काही जणांत पाच-दहा वर्षांनी, कधी त्याहून उशिरा आजार परततो. तेव्हा तेच औषध पुन्हा, बहुधा रिटुक्सिमॅबच्या जोडीने, देता येतं. बीआरएएफचा बदल असलेल्यांना व्हेमुराफेनिब ही गोळीही आहे. तियाच्चींच्या गटाने आजार उलटलेल्या ३० रुग्णांना ती रिटुक्सिमॅबसोबत दिली. २०२१ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार २६ जणांचा आजार पूर्ण आटोक्यात आला. पहिल्या निदानाचा बीआरएएफ रिपोर्ट जपून ठेवायला सांगितलं ते यासाठीच. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवा आणि प्रत्येक पानाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या.